टँकरमागचा तिसरा

दिवा मालवलात ते बरं केलंत. घाबरवायला नाही सांगितलं, डोळ्यांवर येत होता. या, जवळ सरका. धाकटीला मध्ये घ्या. आणि आधीच सांगून ठेवतो, मध्येच उठून कुणी पाणी प्यायला जायचं नाही. ज्याला तहान लागायची त्याला आत्ता लागू दे.

ही माझ्या साडूची गोष्ट. साडू म्हणजे काय, ठाऊक आहे ना? एकाच विहिरीत पडलेली दोन माणसं! तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही त्याला थांबराव म्हणायचो. कुठेही निघालो की चार पावलांवर हा म्हणणार, "थांबा!" मग परत जाऊन कुलूप ओढून बघणार. गॅस बंद आहे का, तीनदा बघणार. तुमची काकू म्हणायची, "यम न्यायला आला तरी हा सांगेल, थांबा, मेन स्विच बघून येतो."

पण त्याचं काम तसंच होतं. बुटांचे तळवे चिकटवायचा गोंद जिथे बनतो, त्या कारखान्यात तो सॉल्व्हंटचं कोठार सांभाळायचा. सॉल्व्हंट म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, थिनरच्या जातीचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटते, खोलगट जागी जाऊन साचते. एक ठिणगी मिळाली की संपलं. बावीस वर्षं तो त्या कोठारात होता आणि बावीस वर्षांत त्याच्या हातून काडीचीही चूक झाली नव्हती. कोठाराच्या कुंपणाला लागूनच कामगारांची घरं. त्यातलंच एक ह्याचं. बायको आणि दोन मुली. अंतर किती? फार तर चाळीस पावलं.

दिवस सांगतो. मंगळवार, अठरा नोव्हेंबर. रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जेवण होऊन तो आडवा झाला होता, तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. दुपारी यायचा टँकर वाटेत बंद पडला होता, तो आत्ता येऊन गेटवर उभा आहे, जरा रिकामा करून घे.

साडू म्हणाला, "साहेब, अंधार पडल्यावर उतरवायचं नाही, असा नियम आहे. आणि माझा जोडीदार सुट्टीवर. दोन माणसं लागतात."

"टँकरबरोबर माणूस असतोच की. त्याला घे हाताशी. सकाळी सहाला माल नसेल तर आख्खी पाळी हातावर हात धरून बसेल. आजचा दिवस सांभाळून घे ना."

आजचा दिवस... घात करणारी सगळी कामं ह्याच दोन शब्दांनी सुरू होतात, लक्षात ठेवा.

गेला तो. बायको दाराशी येऊन म्हणाली, "लवकर या." हा म्हणाला, "ह्या कामात लवकर नसतं." आणि गेला.

गेटवर ड्रायव्हर भेटला. तिशीतला, चौदा तास गाडीवर काढून डोळे तांबारलेला. फोन गेटवरच्या खणात ठेवले, टँकर आत घेतला. साडूने इंजिन बंद करायला लावलं, किल्ली स्वतःकडे घेतली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, जरा तोंड धुऊन येतो. डोळे मिटतायत." साडू म्हणाला, "जा. नीट जागा होऊन ये."

आता साडू एकटा. कोठारावर एकच दिवा, जाड काचेच्या हंडीतला. थंडी कोरडी. वारा अजिबात नाही. पाइप ओढत तो टँकरच्या मागे आला तर तिथे एक माणूस बसलेला. मागच्या चाकाशी, उकिडवा, गुडघ्यांवर हात ठेवून.

साडूला बरंच वाटलं. क्लीनर आहे तर बरोबर! दुसरा माणूस मिळाला.

"अरे, बसलास काय? ती क्लिप दिसतेय ना, खांबाच्या तारेची? ती टँकरला लाव आधी."

ही क्लिप म्हणजे काय ते समजून घ्या. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट् चट् ठिणग्या उडतात ना, तसंच हे सॉल्व्हंट पाइपातून वाहताना वीज साठवतं. टँकरच्या अंगावर साठत राहते, दिसत नाही. म्हणून आधी टँकरला तार जोडायची. तारेचं दुसरं टोक खांबातून जमिनीत. साठेल ती वीज मुकाट्याने जमिनीत उतरते. तार नसेल तर... एखादं लोखंड जवळ आलं की उडी मारते. ठिणगी.

तो माणूस उठला. खांबाकडे गेला. साडू पाइप जोडत होता.

"लावली का?"

"लावली." आवाज घोगरा. खूप दिवस न बोललेल्या माणसासारखा.

आणि पोरांनो, कुलूप तीनदा ओढणाऱ्या माझ्या साडूने... त्या रात्री मान वळवून बघितलं नाही. मला सांगताना म्हणाला, "भाऊजी, मला माहीत नाही का. झोप म्हणा, घाई म्हणा. लावली म्हणाला, मी धरून चाललो."

त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाइप थरथरला. माल जमिनीखालच्या टाकीत पडायला लागला.

पाच मिनिटं झाली असतील. सात म्हणा. साडू अधूनमधून त्या माणसाशी बोलत होता. कुठून आलात, रस्ता कसा होता. तो नुसता हूं म्हणायचा. एवढ्यात ड्रायव्हर तोंड पुसत आला.

"दादा, कुणाशी बोलताय?"

"तुझ्या क्लीनरशी."

ड्रायव्हर हसला. "क्लीनर कुठला? तो गावी गेलाय. मी एकटाच आहे. मला वाटलं, तुमचा कुणी माणूस असेल."

"माझा?"

"मी गेलो तेव्हा तुमच्यामागे उभा होता ना..."



साडूने चाकाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, त्या माणसाचा चेहरा त्याने पाहिला होता. दिव्याखाली, सरळ. तेव्हा काहीतरी खटकलं होतं. काय, ते आत्ता कळलं. त्या तोंडावर भुवया नव्हत्या. पापण्याही नव्हत्या. आग अंगावरून गेलेल्या माणसाचं तोंड असतं, तसं.

मग त्याने क्लिप बघितली.

ती लावलेली नव्हती. खांबाच्या तारेला लोंबत होती. टँकरच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर. हळूहळू हलत होती. वारा नसताना.

"राहिलीच की!" म्हणून ड्रायव्हर पुढे झाला.

"हात लावू नकोस!"

साडू असा ओरडला की ड्रायव्हर जागच्या जागी खिळला. कारण आता टँकर भरलेला होता. मालाने नव्हे, विजेने. आता ती क्लिप पत्र्याजवळ नेली, की ठिणगी तिथेच पडणार. आणि पायाशी वास घोटाळत होता. घोट्यापर्यंत.

"ऐक. टँकरला शिवायचं नाही. माल बंद करायचा आणि अर्धा तास थांबायचं. साठलेली वीज आपोआप मुरते. अर्धा तास. बस्स."

त्याने जमिनीखालच्या टाकीच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला. हळूहळू, धक्का न देता. पाइप शांत झाला.

आणि ते दोघं उभे राहिले.

तुम्ही कधी काहीच न करता उभे राहिलायत? सगळ्यात अवघड काम तेच. घड्याळात अकरा वाजून बावीस.

पाच मिनिटं.

टँकरच्या पलीकडून आवाज आला. घोगरा.

"लाव ना."

ड्रायव्हरने साडूचा दंड धरला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

"लाव ना क्लिप. तूच तर सांगितलंस."

साडूने क्लिपवरची नजर हलवली नाही.

"नियम आहे ना तुझा? आधी क्लिप... मग माल..."

शांत.

मग अगदी जवळून. पत्र्याला तोंड लावून बोलावं तसं.

"पोरी झोपल्यात?"

चाळीस पावलांवर घर. खिडकीत उजेड. बायको जागी. हाक मारावी तर ती इकडेच धावत येईल. तो ओठ चावून उभा राहिला.

आणि तेवढ्यात क्लिप सरकली.

पत्र्याकडे. हातभर होती... वीतभर झाली.

तार ताठ झाली. कुणीतरी तिकडून ओढावी तशी.

आता काय करणार? क्लिपला हात लावायचा तर टँकरपाशी जावं लागणार. साडूने विचार केला तो एवढाच. तारेचं दुसरं टोक तर खांबाला आहे, माझ्या बाजूला. तो खांबाकडे धावला नाही, चालत गेला. तार दोन्ही हातांनी धरली. आणि मागे ओढली.

तिकडून ओढ आली.

जिवंत माणसाची ओढ असते ना, मध्येच ढिली, मध्येच हिसका... तशी.

"ये रे!" साडू ड्रायव्हरला म्हणाला. "मागून धर मला."

ड्रायव्हरने त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघं मागे रेलले. तार तळव्यात रुतली. क्लिप पत्र्यापासून चार बोटं.

तीन बोटं.

परत चार.

इकडे दोघांचे श्वास. तिकडे... श्वास नव्हता. नुसती ओढ.

किती वेळ? साडूला माहीत नाही. घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता. मुलींची नावं घेत होता मनात. एकीचं, दुसरीचं. एकीचं, दुसरीचं.

आणि मग...

सुटली.

दोघं पाठीवर पडले. क्लिप फरफटत त्यांच्या पायाशी आली. कोठारावरचा दिवा तसाच. टँकर तसाच. पलीकडे कुणी नाही. बारा वाजायला दोन मिनिटं होती.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. तरी साडू टँकरजवळ गेला नाही. ड्रायव्हरला धरून गेटवर आला, मॅनेजरला फोन केला आणि म्हणाला, "उजाडल्याशिवाय मी हात लावणार नाही. नोकरी राहू दे, नाहीतर जाऊ दे." मॅनेजर खूप बोलला. ह्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. रात्रभर दोघं गेटच्या बाकावर बसले. घरी निरोप पाठवला, काम लांबलंय, झोप.

सकाळी साडेसहाला उजेडात परत गेले. जोडीदार सुट्टी मोडून आला होता. साडूने स्वतः क्लिप लावली. लावून ओढून बघितली. तीनदा. कुणी हसलं नाही. माल उतरवला, टँकर गेला. तो ड्रायव्हर त्या रस्त्याला पुन्हा कधी आला नाही. आणि रात्री माल उतरवणं त्या कारखान्यात कायमचं बंद झालं. साडूने तळव्यांवरचे तारेचे वळ दाखवले आणि म्हणाला, ज्याला उतरवायचंय त्याने आधी हे बघावं. महिन्याभरात त्याने घर बदललं. गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी त्याला विचारलं, "स्वप्न नसेल ना? वासाने डोकं जड होतं म्हणतात." तो म्हणाला, "मलाही तसंच वाटावं असं फार वाटतं, भाऊजी. पण बादली होती ना."

कोठाराच्या भिंतीवर आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात. टँकर गेल्यावर तो सगळं तपासत फिरला. शेवटच्या बादलीपाशी थांबला. वाळू कुणीतरी हाताने सारखी केली होती. आणि तिच्यात आगपेटीच्या काड्या रोवलेल्या. उभ्या, एका ओळीत. सात. सातही जळलेल्या, पार शेवटापर्यंत.

त्या कोठारात काडी जाऊच शकत नाही. गेटवर खिसे झाडून घेतात. आणि त्या रात्री, त्या वासात, एक जरी पेटली असती...

साडूने एकेक काडी उपटली. सहा थंड होत्या.

सातवी अजून गरम होती.