एका टेकचा हिरो

"हातातलं कडं काढा. माईकमध्ये खुळखुळ येतेय."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट पोरीने पहिल्याच भेटीत असं ठणकावलं आणि डबिंग स्टुडिओतले सगळे माना वळवून बघायला लागले. अहो, समोर कोण होता! पडलेल्या स्टंटवाल्याला दवाखान्यात नेईपर्यंत शूटिंग बंद पाडणारा, त्यापायी निर्मात्यांशी हमरीतुमरीवर आलेला, पेपरवाल्यांनी माजोरडा ठरवलेला हिरो. त्याने मात्र निमूट कडं काढलं.

"आणखी काही, बाईसाहेब?"

"घड्याळ पण."

तो खळखळून हसला... आणि तिचं काळीज जे धडधडायला लागलं, ते त्याचं डबिंग चालू होतं तोवर थांबलंच नाही.

पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघून तो एका टेकमध्ये वाक्य असं बसवायचा की बघत राहावं. पण शेवटच्या सीनमधलं साधं वाक्य, 'थांबशील माझ्यासाठी?', काही केल्या बसेना. कधी घाईने, कधी उशिरा.

निर्माता वैतागला. "संध्याकाळपर्यंत झालं नाही तर दुसऱ्याचा आवाज लावतो. याचे नखरे पुरे झाले!" म्हणत तो फोन करायला बाहेर गेला.

तिचा जीव तुटला. त्या चेहऱ्याला परका आवाज? तिने त्याच्याशी बोलायचं बटण दाबलं. "तुम्ही मुद्दाम चुकताय."

"छे! कशावरून?"

"पडद्याकडे बघतच नाही तुम्ही. इकडे बघताय."

तो कान खाजवत राहिला. "हे वाक्य झालं की माझं काम संपलं... उद्या कुठल्या निमित्ताने येऊ इथं?"

"वेडे आहात का? सिनेमातून आवाज जाईल तुमचा! नीट बोला, उद्याचं मी बघते."

"बघते म्हणजे?"

"आधी बोला हो!"

पडदा उजळला. "थांबशील... माझ्यासाठी?" शब्द न् शब्द ओठांशी जुळला. तिचे डोळे भरून आले.

"कसं झालं?"

तिने यंत्राकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अगंबाई... रेकॉर्डिंग चालूच केलं नाही मी!"

तो पोट धरून हसला. "आता मुद्दाम कोण चुकलं?"

"देवाशपथ, मुद्दाम नाही! निर्माते आले बघा... परत बोला ना पटकन."

"बोलतो. पण आधी उत्तर."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "थांबेन. जन्मभर थांबेन. आता द्या टेक!"

त्याने दिला, एका दमात. या वेळी यंत्र चालू होतं.

दारातून निर्माता म्हणाला, "सुटलो बुवा! चला, घरी जा आता."

दोघंही जागचे हलले नाहीत.