तोफेला पाणी कमी पडायलंय

ऐक गं, नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, आणि "मला आधीच म्हाईत होतं" असं तर अजिबात म्हणायचं न्हाई. कारण तुला म्हाईत नव्हतं. वैष्णवीलाच म्हाईत नव्हतं, आणि गोष्ट तर तिचीच हाय.

परळीत टेशनासमोर मोबाईल दुरुस्तीचं ते बारकं दुकान हाय बघ, तिथं ती चार्जिंगची पिन बदलायला गेलती. दिवाळी नुकती सरलेली, ऊन कोवळं, आणि दुकानाच्या पायरीवर नेहमीसारखा थर्मलच्या राखेचा थर. पिन बसली. टच चालतोय का बघावं म्हणून तिनं गेम उघडला. तोच, ठोकळ्यांचा. लोक त्यात घरं बांधतेत, बागा बांधतेत... आमची वैष्णवी तोफा बांधायची. एका सर्व्हरवर परळीच्या पोरांचा एक किल्ला, बीडच्या पोरांचा एक किल्ला, आणि परळीची तोफ मंजी वैष्णवी. सगळे तिला तोफवालीच म्हणायचे.

तर तिनं तोफेची कळ दाबली. बॉम्ब पुढं जायचा सोडून अख्खी तोफच जागेवर उडाली. धडाम.

आणि मागून एक आवाज आला, अगदी शांत.

"पाणी कमी पडायलंय."

तिनं वळून बघितलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत राखाडी... मोजे घातल्यासारखे.

"मला म्हणालात?"

"न्हाई. तोफेला."

"दुसऱ्याच्या मोबाईलमधी डोकवायची सवय हाय का तुमाला?"

"न्हाई हो. पण शेजारी कायी फुटलं तर मान वळतीच की."

तिला हसू आलं, पण तिनं दाखवलं न्हाई. तो म्हणला, बारूद भरताय तिथं वाहतं पाणी पाहिजे. कोरड्यात फुटला तर सगळंच मोडतो. पाण्यात बसवलेला बारूद फुटतो तर खरा, पण आजूबाजूचा एक ठोकळा हलत न्हाई, नुसता पुढच्या बॉम्बला ढकलतो.

"दाखवा की मंग," तिनं मोबाईल पुढं केला.

त्यानं हात मागं घेतले. "नगं. राख हाय हाताला, तुमची काच खराब होईल. मी सांगतो... तुमीच करा."

आणि लांबूनच, बोट हवेत ठेवून, हितं पाणी, हितं एक ठोकळा कमी, असं सांगत गेला. तिनं कळ दाबली. बॉम्ब गेला, गं. मैदान ओलांडून, टेकडी ओलांडून, थेट दिसेनासा झाला. दोघं एकमेकांकडं बघून खुदकन हसले... आणि मंग तिनं विचारलं,

"गाव कोणतं तुमचं?"

"लिंबागणेश."

झालं. हसू तिथंच थांबलं. लिंबागणेश मंजी बीड तालुका. बीड मंजी पलीकडची टीम. शंकेचा पहिला खडा तिथं पडला.

नाव त्याचं राधाकिशन, पण किशनच म्हणतेत. त्याच्या मामाचा परळीत राखेच्या विटांचा कारखाना हाय, तिथं राहून कॉलेज करायचा, सकाळ-संध्याकाळ विटा बघायचा. सर्व्हरवर तो आला 'राखाडी' नावानं. वैष्णवीनं आप्प्याला गळ घालून त्याला आत घेतलं. आप्प्या मंजी आप्पाराव, परळी टीमचा कॅप्टन. आजोबाचं नाव लावलेलं, म्हणून वागायचाबी आजोबासारखाच. त्यानं बजावलं, "पोरगा बीडकडचा हाय. तोफेच्या मैदानात खेळू दे. किल्ल्यात पाय ठेवला तर त्याच दिवशी हाकलून देईन."

मंग रोज मैदानात दोघं. ती तोफ बांधायची, तो चुका काढायचा. कधी बॉम्ब हवेतच फुटायचा, कधी पायाशी पडायचा. तो म्हणायचा, "घाई करायलीस. आधी बारूद पेटव, बॉम्ब नंतर. ढकलणारा आधी, जाणारा नंतर."

"आणि दोघं संगंच पेटले तर?"

"तर... दोघंबी जागेवरच."

कळलं ना तुला? 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाबी म्हाईत न्हाई.

एकदा तो कॉलेजच्या फाटकाशी भेटला, हातात पिशवी. सीताफळं. डोळे उघडलेली, टपोरी, हात लावला की दबणारी. तिनं नाजियाला एक दिलं. नाजिया मंजी तिची जिवाभावाची मैत्रीण. नाजियानं एक बी तोंडातून काढली आणि डोळे बारीक केले.

"वैशे... ही परळीच्या बाजारातली न्हाईत."

"मंग कुठली?"

"फराजच्या गाड्यावरची. ह्यो वास मी लहानपणापासून वळखते."

आता फराज कोण? नाजियाच्या खालाचा, मंजी मावशीचा पोरगा, बीडला फळांचा धंदा... आणि बीडच्या टीमचा कॅप्टन.

"त्यानं बाजारातून घेतली असतील गं," वैष्णवी म्हणली.

"असतील," नाजिया म्हणली. "मी कुठं न्हाई म्हणते?" आणि दुसरं सीताफळ फोडलं. खायला तिला शंका आडवी येत न्हाई.

त्या दिवसापासून वैष्णवीला किशनची प्रत्येक गोष्ट दुहेरी दिसायला लागली. त्यानं इचारलं, "तुमच्या किल्ल्याची भिंत किती जाड हाय?" तर तिला वाटायचं, कुणासाठी इचारायला? तो म्हणला, "तुझी तोफ भारी हाय," तर तिला वाटायचं, कुणाला सांगणार हाय?

आणि एका दुपारी ती अवचित सर्व्हरवर आली, तर 'राखाडी' किल्ल्यात. मैदानात न्हाई, किल्ल्यात. पश्चिमेच्या भिंतीशी. ती खांबामागं लपली. तर हा भिंतीतला एक ठोकळा काढतो, आत बादली उपडी करतो, ठोकळा परत बसवतो. पुढं सरकतो. परत ठोकळा, परत बादली. चोरासारखा, मागं वळून बघत.

दुसऱ्या दिवशी तिनं सहज इचारल्यासारखं केलं. "काल किल्ल्याकडं गेलतास का रे?"

"...न्हाई तर. मी कावून जाऊ?"

खोटं. तोंडावर खोटं. ती तोफ तशीच अर्धी टाकून उठली, म्हणली मला.

आणि बीडसंगं लढाई तर रविवारी. नियम साधा. झेंडा ज्याचा आधी पडल त्याचा किल्ला सपाट करायचा, आणि ती टीम सर्व्हरच्या बाहेर. उन्हाळ्यापासून एकेक ठोकळा रचून उभा केलेला किल्ला, गं. तिनं मंग एक डाव टाकला. किशनला एकट्यालाच सांगितलं, "कुणाला बोलू नको... झेंडा पूर्वेच्या बुरुजात हलवलाय." हलवलेला नव्हता, उत्तरेच्या खोलीतच होता. बीडच्यांनी पूर्वेवर मारा केला, तर चोर सापडला.

पण तेवढा दम निघाला असता तर वैष्णवी कसली? शनिवारी ती आणि नाजिया टेशनाकडून चालल्या होत्या. चहाच्या टपरीवर किशन. त्याच्यासमोर फराज. दोघं एकाच बशीतून भजे खात, एकमेकाला टाळ्या देत हसायले.

नाजियानं तिचा हात दाबला. "मी कायी म्हणत न्हाई."

"नकोच म्हणू," वैष्णवी म्हणली.

घरी आली ती तडक सर्व्हरवर. 'राखाडी'ला काढून टाकलं. इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई... बाहेर. मंग पश्चिमेच्या भिंतीला लागली. ठोकळा काढला की आत पाणी. पुढं पाणी. सगळ्या भिंतीच्या पोटात पाणी भरून ठेवलेलं. तिला वाटलं, भिंत पोकळ केली ह्यानं, फराजचा बॉम्ब लागला की बसावी म्हणून. तिनं एकेक घर कोरडं केलं, दगडानं बुजवलं. पश्चिम झाली, दक्षिण झाली. उत्तरेला सुरुवात करणार, तवर आईनं दळणाचा डबा आणून समोर ठेवला. "गिरणी बंद व्हायच्या आत जा." आईपुढं कुणाचा किल्ला टिकतो? उत्तरेची भिंत तशीच राहिली.

रविवारी मारा सुरू झाला. वैष्णवी पूर्वेच्या बुरुजाकडं डोळे लावून. पहिला बॉम्ब आला... पश्चिमेला. दुसरा, पश्चिमेला. पूर्वेकडं एकबी न्हाई. ती बघतच राहिली. फराजला पूर्वेचं कायी म्हाईतच नव्हतं. मंजी किशननं...

पश्चिमेची भिंत धाडधाड कोसळली. तिनंच कोरडी केलेली, तिनंच दगडानं बुजवलेली. बीडचे आत घुसले, तोफ आत आणली आणि झेंड्यापुढच्या उत्तरेच्या भिंतीवर लावली. आप्प्या ओरडला, "संपलं आता."

बॉम्ब लागला. बाहेरचा थर फुटला... आणि आतून पाणी खळकन बाहेर आलं. पुढचा बॉम्ब त्या पाण्यात पडला. फुस्स. त्याच्या पुढचा, फुस्स. एक ठोकळा हलला न्हाई.

तवा तिला कळलं, गं. पाण्यात फुटलं की मोडत न्हाई. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यानं. सबंध किल्ल्याला पाणी मारून ठेवलं होतं, मामाच्या विटांना मारतो तसं. गुपचूप, कारण किल्ल्यात दिसला असता तर आप्प्यानं हाकललं असतं.

तिनं तोफ भरली. आधी बारूद, मंग बॉम्ब. बीडचा झेंडा एका फटक्यात पडला. ग्रुपवर नुसता धुरळा, तोफवाली तोफवाली. आणि तोफवाली मोबाईल उपडा ठेवून भिंतीकडं तोंड करून बसलेली.

सोमवारी सकाळी स्कूटी घेऊन ती विटांच्या कारखान्यावर. ओल्या राखेचा वास, विटांच्या थप्प्या ओळीनं, आणि किशन पाईप धरून पाणी मारायला. ती आल्याचं बघितलं, पण पाईप खाली ठेवला न्हाई.

काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ केलं होतं तिनं. माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं भलतंच. "खोटं कावून बोललास? गेलतो म्हणायला काय झालं होतं? आणि फराजसंगं भजे खातोस, ते कधी सांगणार होतास? मी काय समजायचं? आणि ती सीताफळं—"

त्यानं थप्पीवरची पाण्याची बाटली उचलली, तिच्यापुढं धरली.

"आधी पाणी पी. मंग फूट."

तिला रडू येत होतं, आणि मधीच हसू आलं. पाणी प्यायली. अर्धं ओढणीवर सांडलं.

"फराज माझ्या वर्गात होता, बीडला," तो म्हणला. "माल घेऊन परळीला आला की भेटतो. सीताफळं त्याचीच. आता मित्र टाकून देऊ का? आणि तसंच असेल तर नाजियाबी हेरच म्हणावी लागंल. तिचा तर भाऊ हाय."

तिनं बाटलीचं झाकण लावलं.

"आणि खोटं?"

तो पाईपाकडं बघत राहिला. "तुला सांगितलं असतं, तर तू आप्प्याला सांगितलं असतंस. आप्प्यानं काढून टाकलं असतं. सर्व्हरचं काय एवढं... पण मंग तुझ्याशी रोज बोलायला निमित्त कुठून आणलं असतं?"

ती कितीतरी वेळ थप्पीवरची एक वीट नखानं कोरत राहिली.

"मी सगळं पाणी काढलं, किशन. तू भरलेलं."

"कळलं. पश्चिमेची भिंत पडली तवाच कळलं. फराजनंच सांगितलं."

"राग आला?"

"आला. अजून हाय."

"मंग...?"

"मंग काय. ओल्यातच हाय राग," तो म्हणला, आणि आत्ता कुठं तिच्याकडं सरळ बघितलं. "फुटला तरी मोडणार न्हाई कायी. तू मला आवडतीस, वैष्णवी. तोफेमुळं न्हाई. तोफ तर तू लई दिवस वाकडीच बांधायचीस."

"तूबी मला..." एवढंच आलं तिला. पुढचं त्यानं समजून घेतलं.

आणि ऐक, आता खरं ऐक. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. थप्पीवर होता, तिच्या हाताशी. किशनचे दोन्ही हात ओले, राखेनं भरलेले.

"बघ गं, कोण हाय."

तिनं बघितलं. "फराज."

"उचल की. स्पीकरवर टाक."

तिचा अंगठा त्या हिरव्या खुणेवर. वाजतोय, वाजतोय. आपण नसतो तवा हे दोघं काय बोलतेत, एका मिनिटात कळलं असतं. हार झाली म्हणून फराज काय म्हणतो, ह्याला काय इचारतो... सगळं. शेवटचा खडा निघून गेला असता. न्हाई तर नेमका सापडला असता.

तिनं मोबाईल ओढणीनं पुसला. हिरवं बोटानं सरकवलं, आणि स्पीकर न लावता त्याच्या कानाशी नेला. त्यानं मान वाकडी करून तो खांद्यात धरला.

"पाईप इकडं दे," ती हळूच म्हणली. "तू बोल."

आणि पाईप घेऊन गेली थेट शेवटच्या थप्पीपाशी. पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची धार एवढी जोरात सोडली, एवढी जोरात... की तिकडचा एक शब्द ऐकू येऊ नये. सगळ्या विटा भिजवल्या, चपला भिजवल्या, पण वळून बघितलं न्हाई.

नाजिया म्हणती, येडी हाय, ऐकायचं होतं. मी अजून ठरवलं न्हाई कायी.

आता तू सांग. खरं सांग पण, मला बरं वाटावं म्हणून नको... तू काय केलं असतंस?