चार वाजताची चप्पल

"माझा डावा बूट!"

उपेंद्रकाकांची आरोळी अख्ख्या कंपाउंडभर घुमली. चार वाजायला पाच मिनिटं कमी. आखातातल्या अल ऐन शहरातल्या त्यांच्या ऑफिसची दुसरी शिफ्ट चारला सुरू व्हायची, आणि काका उजव्या पायात काळा कुळकुळीत बूट, डाव्या पायात नुसता मोजा, अशा थाटात दारात उभे!

"हनी, थांब! पकडा तिला!"

हनी कशाला थांबते? बूट तोंडात धरून ती सोनेरी शेपटी हलवत अंगणभर धावली. काका लंगडत मागे. त्यांच्या मागे त्यांची मुलगी अस्मिता. तिच्या मागे निनाद. शेवटी निनादची आई, विभावरीकाकू, हातात ग्लुकोज बिस्किट घेऊन आल्या.

"ये गं बाळा, बिस्किट घे. शहाणी ना तू? बूट दे काकांना."

हनीने बिस्किट घेतलं, गट्ट केलं, आणि पुन्हा बूट उचलून कोपऱ्यावरून पसार झाली!

"खलास!" काका गरजले. "अकरावा जोड बाद झाला! शैलेंद्र, ऐकतोयस ना? शुक्रवारी पाचला त्या फार्मवाल्याचा पिकअप येईल. उंटांच्या राखणीला कुत्रं हवंच आहे त्याला. झाली तेवढी मजा पुष्कळ."

डॉक्टर शैलेंद्र म्हणजे निनादचे बाबा. ते चष्मा पुसत म्हणाले, "निनाद, अरे, शेजाऱ्यांना किती त्रास द्यायचा आपण?"

"मग सगळ्यांनी चपला-बूट घरात ठेवा ना!" निनाद म्हणाला.

"घरात? चपला?" सगळी मोठी माणसं एकदम ओरडली. निनादने जणू अंगणात उंट बांधा म्हटलं होतं!

सोमवार होता. सहावीची परीक्षा संपून चारच दिवस झाले होते आणि नवं वर्ष सुरू व्हायला अजून दहा दिवस होते. निनादने या सुट्टीची केवढी वाट पाहिली होती! चार वर्षं तो कुत्र्यासाठी मागे लागला होता. शेवटी जानेवारीत शेजारचे आयरिश डॉक्टर नवरा-बायको देश सोडून गेले आणि जाताना आपली तीन वर्षांची गोल्डन रिट्रिव्हर त्याला देऊन गेले. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती.

पण अडीच महिने झाले, तरी हनी त्याची झाली नव्हती. ती त्याच्या हातून जेवायची, त्याच्या खोलीत झोपायची. पण लक्ष? लक्ष सारखं दुसरीकडेच. निनाद हाका मारून दमायचा. आता ती शुक्रवारी जाणार, म्हणजे कधी आपली न होताच जाणार, या विचाराने त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"रडतोस काय?" अस्मिता म्हणाली. "लेट्स इन्व्हेस्टिगेट! बूट जातात कुठे? आणि रोज चारलाच का?"

तिच्या काखेत लायब्ररीचं कुत्रे शिकवण्याचं जाडजूड पुस्तक होतं. पलीकडच्या घरातली रुकय्याही आली. रुकय्या तेराची, मूळची रत्नागिरीकडची, आणि तिघांत सगळ्यात कमी बोलणारी. ती एवढंच बोलली, "उद्या तिच्यामागे धावायचं नाही. नुसतं बघायचं."

मंगळवारी पावणेचारला तिघं विभावरीकाकूंच्या वाळत घातलेल्या चादरींमागे दबा धरून बसले. हनी डुलत डुलत आली. दारोदारी हुंगली. बायकांच्या सँडल सोडल्या, मुलांचे बूट सोडले, आणि डॉक्टरांची चामड्याची चप्पल अलगद उचलली.

"ओ माय गॉड, फक्त पुरुषांच्या!" अस्मिता कुजबुजली.

कोणी मागे लागलं नाही, तेव्हा हनीही धावली नाही. ती शांतपणे अवजारांच्या शेडमागे गेली. तिकडे कुणी फिरकत नसे. जानेवारीत झाडांच्या पाण्याला टायमर लागल्यापासून माळ्याची गरजच उरली नव्हती. तिघं भिंतीला चिकटून वाकले.

शेडमागे एक नळ होता. नळासमोर बूट, चपला, स्लीपर, सगळं ओळीने मांडून ठेवलेलं! हनीने डॉक्टरांची चप्पल त्या ओळीच्या शेवटी ठेवली, नळाकडे तोंड करून बसली, आणि वाट पाहू लागली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. रस्त्यावर गाडी थांबली की कान टवकारायचे, गाडी गेली की पडायचे. शेवटी तिने मान पंजांवर टेकली.

"चोर नाहीये ती," निनाद हळूच म्हणाला. "कुणाची तरी वाट बघतेय! इथे... इथे माळी पाय धुवायचा. काम संपलं की. चार वाजता!"

यल्ला, चला! तिघं धावत उपेंद्रकाकांकडे गेले. ऑफिसला उशीर झालेला, तरी काका अजून बूट पुसत होते, तपकिरी जोड.

"काका, आपल्या माळ्याचं नाव काय होतं?"

"माळी."

"अहो, नाव!"

काका डोकं खाजवू लागले. डॉक्टरांना आठवेना. विभावरीकाकूंनाही आठवेना. "खूप चांगला होता हो," त्या म्हणाल्या. "रोज नमस्कार करायचा." तीन वर्षं तो माणूस त्यांच्या दारातली जास्वंद जगवत होता आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं! अस्मिताने वडिलांकडे असं पाहिलं की काकांनी बुटात मान घातली.

"तुकाराम," रुकय्या म्हणाली. "आमच्याच बाजूचा. त्याची पत्रं कुट्टींच्या ग्रोसरीत यायची."

इथे पोस्टमन घरी येत नाही. पत्रं येतात पोस्टबॉक्सवर, आणि ज्याला पोस्टबॉक्स नाही तो दुकानदाराच्या बॉक्सचा नंबर देतो. कुट्टींनी काउंटरखालून एक निळं पाकीट काढलं. वर वेड्यावाकड्या अक्षरांत 'तुकाराम' लिहिलं होतं.

"टुकाराम? गुड मॅन! कंपनीने लांब खलिफा सिटीला पाठवला, व्हिलाचा काम. एक दिवसात बोला, जाओ! पत्र आया तो फोन करो बोला है." त्यांनी नंबर फिरवला आणि फोन निनादच्या हातात दिला.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. निनादने एका दमात सगळं सांगितलं. मग नुसती खरखर.

"हॅलो? काका?"

"हनीबाय अजून वाट बघते?" तुकारामचा आवाज बसला होता. "मीच शिकवलं तिला. साहेब लोक दिवसभर ड्युटीवर, हे पिल्लू एकटंच. माझी लेक ना, मी शेतातून आलो की पाय धुवायच्या आधी चपला आणून ठेवायची. तिला बघून तीन वर्षं झाली. म्हटलं, इथं तरी कुणी आणून ठेवू दे." मग घाईघाईने, "शुक्रवारी सुट्टी आहे. येतो मी. हनीबायला पाठवू नका, हां!"

शुक्रवारपर्यंत तिघं स्वस्थ बसले नाहीत. अस्मिताने पुस्तक उघडून सगळ्यांची शाळा घेतली. "या जातीच्या कुत्र्यांना वस्तू आणून द्यायचं वेडच असतं. तिने बूट उचलला की आपण मागे धावतो, म्हणजे खेळ! वर काकू बिस्किट देतात, म्हणजे बक्षीस! चोरी शिकवली कुणी? तुम्ही!"

"मी?" काकू हबकल्या.

"यू ओन्ली!"

मग नियम ठरला. धावायचं नाही, ओरडायचं नाही. बूट टाकला तरच खाऊ. "सोड" म्हणायचं आणि थांबायचं. बुधवारी हनीने दोनदा सोडलं. गुरुवारी सकाळी पाच वेळा! निनाद हर्षाने उड्या मारू लागला. पण चार वाजले, आणि हनी उठली, उपेंद्रकाकांची स्लीपर घेऊन नळाकडे गेली. निनाद तिच्या शेजारी जाऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "मी आहे ना इथे," तो म्हणाला. पण तिला तो नको होता, आणि ते त्याला कळत होतं.

शुक्रवारी तीन वाजता तुकाराम फाटकातून आत आला. इस्त्रीचा शर्ट, पायात साधी रबरी चप्पल. हनीने वास घेतला, आणि काय सांगावं! ती किंचाळली, लोळली, त्याच्या छातीवर चढली, त्याचं तोंड चाटून काढलं. तुकाराम जमिनीवरच बसला. "काय गो बाय, काय गो..." एवढंच त्याला बोलता येत होतं.

निनाद खांबाला टेकून पाहत होता. त्याच्यासाठी ती एकदाही अशी नाचली नव्हती.

"हे ठीक आहे," उपेंद्रकाका खाकरले, "पण कारण कळलं म्हणून चोरी थांबते का? पाचला पिकअप येतोय."

"तुम्हीच तिला सांगा ना, नको म्हणून!" निनाद कळवळून म्हणाला.

तुकारामने मान हलवली. "नको म्हणून वाट बघायचं थांबत नाही, बाळा. आणायचं तिला, आणू दे. फक्त कुणाकडे आणायचं, ते शिकवू. तू बस नळावर. धू पाय."

चपला शेडजवळच्या फळीवर ठेवल्या, एक तुकारामची, एक निनादची. चार वाजले. हनीने तुकारामची चप्पल उचलली आणि थेट त्याच्याकडे नेली. तुकारामने पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड, हात छातीशी घट्ट. हनीने चप्पल त्याच्या टाचेपाशी ठेवली. नाकाने ढुशी दिली. कुंई केलं. तुकाराम हलला नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण त्याने वळून पाहिलं नाही.

"हाक मार," तो भिंतीलाच म्हणाला.

"हनी, आण!"

ती गोंधळली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुन्हा तुकारामला ढुशी. पुन्हा काहीच नाही. चौथ्या वेळी तिने फळीवरची निनादची चप्पल उचलली, दोन पावलं त्याच्याकडे आली, थांबली, आणि मग आली! निनादने चपातीचा तुकडा दिला, तिची मान कुरवाळली. पुन्हा एकदा. आणखी एकदा. सातव्या वेळी ती स्वतःहून आली.

अस्मिताने मुद्दाम उपेंद्रकाकांचा काळा बूट तिच्या वाटेत ठेवला. हनीने हुंगलं. काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"सोड," निनाद म्हणाला.

तिने सोडलं!

"शाबास!" उपेंद्रकाका टाळ्या पिटू लागले. "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठे नुसते आरडाओरडा करत बसलो!" पाचला पिकअप आला तेव्हा त्यांनीच फाटकावर जाऊन "सॉरी, हबीबी, कुत्ता नहीं देना" म्हणून तो परत पाठवला. डॉक्टर तुकारामकडे गेले. "तुकाराम," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "तुकारामजी, आम्ही तुम्हाला निरोपसुद्धा दिला नाही. आत या. जेवून जा."

"साहेब, सहाची बस आहे. साइटवर पोचायला हवं." त्याने निळं पाकीट खिशात नीट ठेवलं. मग निनादला म्हणाला, "आता शेवटचं. मी जाताना तिला धरू नको. बांधू नको. तू नळावर बस, पाय धू. आणि मी वळून बघणार नाही. बघितलं तर सगळं शिकवलेलं फुकट."

तुकारामने हनीच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग तो निघाला.

नळ सुटला. निनादने पाय पाण्याखाली धरले. हनीने फळीवरून त्याची चप्पल उचलली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली. एकीकडे फाटक, एकीकडे नळ. तुकारामच्या चपलांचा फटक फटक आवाज दूर जात होता. विभावरीकाकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

निनादने हाक मारली नाही. मारावीशी खूप वाटली, पण नाही मारली.

हनीने फाटकाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती वळली, सावकाश चालत आली, आणि चप्पल त्याच्या ओल्या पायांपाशी ठेवून त्याच्या गुडघ्याला टेकून बसली.

निनादने तिला घट्ट मिठी मारली. त्याला ओरडून सांगायचं होतं, 'काका, आली! माझ्याकडे आली!' पण रस्त्याच्या कडेने जाणारा तो इस्त्रीचा शर्ट अजून दिसत होता, आणि हाक ऐकली असती तर तुकारामकाका वळले असते. म्हणून तो शर्ट दिसेनासा होईपर्यंत निनाद गप्प बसून राहिला.