शेवटच्या बाकावरचा प्रश्न

मुलुंडच्या त्या क्लासमध्ये गणित शिकवायला एकच जागा होती. डेमो द्यायला आले होते दोघं – विक्रोळीची संघमित्रा, आणि आपली पाळी येईपर्यंत शेवटच्या बाकावर बसलेला कुणी कृणाल.

धडा होता दोन रेषांच्या कोनदुभाजकांचा. संघमित्राने सूत्र लिहिलं, बरोबरच्या चिन्हापुढे अधिक-उणे मांडलं, तोच मागून आवाज आला.

"मॅम, उत्तरं दोन का? कोनाला दुभाजक एकच असतो ना?"

कृणाल! आणि वर डोळ्यांत ते खट्याळ हसू...

तिने खडू ठेवला, पुढच्या बाकावरच्या मुलींकडून दोन ओढण्या मागून घेतल्या आणि वर्गाच्या मधोमध फुलीसारख्या ताणून धरायला लावल्या.

"दोन्ही ओढण्यांपासून सारखं अंतर ठेवून चालायचं. या ना सर, तुम्हीच!"

वर्ग हसला. कृणाल लाजत उठला. एका कोनातून चालला, मग शेजारच्या कोनातून.

"कोन बदलला, वाट बदलली. म्हणून दोन उत्तरं. आणि बघा – या दोन वाटा एकमेकींना काटकोनात छेदतात."

तो जागेवर जायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

नंतर त्यानेही शिकवलं. सुरेख अक्षर, एकही पायरी न गाळता... संघमित्राला वाटलं, गेली नोकरी! पण निवड तिची झाली.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "माझी वाट लावणार होतास ना?"

"हो," तो हसला. "पण कसली भारी शिकवतेस यार! निवड माझ्या हातात असती तरी मी तुलाच घेतलं असतं."

"मस्का लावतोस?"

"नाही गं... खरंच."

त्याला पुढे घाटकोपरला काम मिळालं. रविवारी दोघं भेटू लागली – आधी गणितं घेऊन, मग नुसतीच.

अशाच एका रविवारी तो बागेत जरा गप्पगप्पच होता.

"काय झालं रे?"

"वर्गात सारखं तुझं नाव निघतं माझ्या तोंडून. काल पोरांनी विचारलं, सर, या संघमित्रा मॅम तुमच्या कोण?"

"मग? काय सांगितलंस?"

"काहीच नाही. तुला न विचारता... कसं सांगणार?"

तिने हळूच त्याचा हात हातात घेतला.

"उद्या सांगून टाक," ती म्हणाली.