राखाडी बटण

ते बटण राखाडी होतं. न्हावऱ्याहून बस सुटली तेव्हा राखाडी होतं, उसाचे मळे मागे पडून माळ लागला तरी राखाडीच. हर्षदाला राखाडीच्या चौदा छटा नंबरासकट पाठ होत्या. ही कोणती, ते तिला एका नजरेत कळलं – पावसात भिजून वाळलेल्या सिमेंटच्या पत्र्याची. कळत नव्हतं ते इतकंच, की शेजारच्या सीटवरचा माणूस आपल्या मोबाइलवरचं हे बटण दाबत का नाही.

ती रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये होती. तिथे लोखंडी कपाटांना रंग लावत, आणि रंग नमुन्याशी जुळतो की नाही हे हर्षदा ठरवत असे. रोज सकाळी भाऊ तिला वडगाव रासाईहून मोटरसायकलवर न्हावऱ्याला सोडायचा. पुढे कंपनीची बस. तिची नेहमीची जागा आज कुणीतरी आधीच पकडली होती, म्हणून ती इथे बसली होती... आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये बघत होती, जे तिच्या स्वभावात नव्हतं.

"दाबा ना," ती शेवटी म्हणाली.

त्याने वर पाहिलं. सावळा चेहरा, पहाटेच घाईत केलेली दाढी, डाव्या गालावर राहून गेलेले चार केस.

"दबत न्हाई, मॅडम."

"का?"

"दोन गुण निवडलं. आता एक खोट निवडायची. तवर बटण हिरवं व्हत न्हाई." मग त्याच्या लक्षात आलं. "तुम्ही कवापासनं बघताय?"

"अकरा मिनिटं," ती म्हणाली, आणि प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "नऊ. पहिली दोन मी खिडकीकडे बघत होते."

तो हसला. मोबाइल तिला दिसेल असा मधोमध धरला.

खेळ जुन्या काळातल्या एका परक्या गावाचा होता. डोंगरावर किल्ला, खाली विहीर, लोहाराचा भाता, बाजार. त्या गावात आपण एक माणूस जन्माला घालायचा, त्याला धंदा द्यायचा, स्वभाव द्यायचा, आणि मग त्याचा संसार चालवायचा. गुणांची यादी इंग्रजीत होती. हा गडी प्रत्येक शब्दाचं आपलं मराठी करत होता.

"ह्यो हावरट. ह्यो जुगारी. ही रडकी. ह्यो बढाईखोर – आमचं सुपरवायझर सर्जेराव. ह्यो..." बोट एका ओळीवर थांबलं. "हातातलं काम अर्धवट सोडणारा. ही माझी."

"तुमची?"

"डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. तालीम सोडली. पोल्ट्री काढली, ती पण सोडली." हे तो घड्याळात किती वाजले ते सांगावं तितक्या सहज म्हणाला, आणि ती ओळ निवडली. बटण हिरवं झालं. पडद्यावर घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ उभा राहिला, पुढे सहा मेंढ्या.

"ह्याचं नाव मल्हार," तो म्हणाला. "माझंबी तेच. चौफुल्याजवळचा. पण ज्यानं हा गेम बनवला ना, त्यानं मेंढरं कवा पाहिली न्हाईत. रोज सांच्याला घरी आणतोय. आमचा आजा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा, ते जेष्ठातच परत."

"आमचेही," हर्षदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं – ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी नेहमीची जागा रिकामी होती. हर्षदा तिथे बसली नाही.

"आज एक वैद्यीण बनवलीय," मल्हार म्हणाला. पडद्यावर पांढऱ्या ओढणीतली एक बाई औषधाची बाटली उजेडात धरून बघत उभी होती. "गुण दोन. एक, चौकस. दुसरा, खरं बोलणारी – नऊ मिनिटं म्हंजी नऊच."

नाव लिहिलं होतं हर्षदा.

"माझं नाव मी सांगितलेलं नाही."

"गळ्यात कार्ड हाय, मॅडम." मग जरा आवाज उतरवून, "खोट मातर मी न्हाई निवडली. दुसऱ्याची खोट आपण कोण निवडणार? तुमची तुम्ही निवडा."

हर्षदाने यादी वरून खालपर्यंत वाचली. मग खालून वरपर्यंत.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

वैद्यीण राखाडी बटणामागे थांबली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मेंढपाळ मल्हारने तेवढ्यात झोपडं बांधलं, तीनदा ताप काढला, एका लढाईतून पळून आला. रोज न्हावऱ्याला बस थांबली की खरा मल्हार विचारायचा, "मंग? ठरलं?" आणि ती म्हणायची, "अजून नाही." कधीकधी तिला वाटायचं, आपण मुद्दामच ठरवत नाही. ठरलं की हा विचारायचा थांबेल...

लॅबमध्ये उजेडाची एक पेटी होती. रंगवलेला पत्रा तिच्यात ठेवायचा आणि तीन उजेडांत बघायचा. आधी दिवसाचा उजेड, मग ट्यूबलाइट, मग पिवळा दिवा. एका उजेडात हुबेहूब जुळणारा रंग दुसऱ्या उजेडात वेगळाच निघतो. तिन्हींत पाहिल्याशिवाय हर्षदा सही करत नसे. यावरून पाठीमागे तिची चेष्टा व्हायची, ते तिला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात कपाटाच्या दोनशे चाळीस दारांची बॅच आली. दोन उजेडांत ठीक. पिवळ्या दिव्यात तांबूस. तिने रिजेक्टचा कागद भरला. सर्जेराव तरातरा लॅबमध्ये आला, मागे लाइनवरचा ऑपरेटर. तो मल्हार होता.

"मॅडम, पिवळा दिवा आता लावतंय कोण घरात?" सर्जेराव म्हणाला. "सोडून द्या की. माल आजच जायचाय."

हर्षदाने मल्हारकडे पाहिलं नाही. त्याने एक शब्द टाकला असता, एकदा नुसतं ओळखीचं हसला असता, तर तिला फार जड गेलं असतं. मल्हार पुढे झाला, पेटीत वाकून त्याने पत्रा पाहिला.

"तांबूस मारतंय," तो म्हणाला. "मलाबी दिसतंय, साहेब. परत मारू."

पाळी सुटली. लाइनवरचे बाकीचे दोन ऑपरेटर बस पकडायला गेले. हर्षदाचे अहवाल राहिले होते, म्हणून ती उशिरापर्यंत थांबली. सहा वाजता ती लाइनवरून गेली, तर ट्यूबलाइटखाली मल्हार परत रंग मारायला दारं घासत होता. केसांवर, भुवयांवर पांढरी पूड.

"किती राहिली?"

"एकोणीस."

"उरलेली उद्या केली तर?"

त्याने मनगटाने कपाळ पुसलं. "आज सोडली तर उद्या हात लागंल का, ह्याची मलाच खात्री न्हाई, मॅडम. मी मला वळखतो."

त्या एकोणीस दारांच्या कागदावर तिने स्वतः थांबून सही केली.

दिवाळी झाली आणि वडगावात स्थळ आलं. मुलाचं नाव ईश्वर, दौंडला सरकारी नोकरी, घर स्वतःचं. मध्यस्थ होते दूरच्या नात्यातले पोपटराव मामा. त्यांनी हर्षदाचा बायोडाटा आधीच छापून आणला होता. स्वभाव: शांत, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. तीन शब्द, आणि त्यांखाली सरळ मामांचा मोबाइल नंबर.

दोघांना बोलायला म्हणून अंगणातल्या लिंबाखाली दहा मिनिटं दिली. ईश्वर सभ्य होता. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी घेतला. हर्षदाने विचारलं, "तुमच्यात खोट काय आहे?"

तो गोंधळला. मग हसला. "खोट अशी काही नाही. लोक म्हणतात, मी जरा जास्तच काम करतो."

त्याच्यावर राग येण्यासारखं काहीच नव्हतं. पण याच्याबरोबर तीस वर्षं राहूनही हे बटण राखाडीच राहील, असं तिला स्पष्ट दिसलं. तरी तोंडून बाहेर पडलं ते नेहमीचंच – "विचार करून सांगते."

त्याला सहा आठवडे झाले.

डिसेंबरात साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या आणि बस त्यांच्यामागे रांगू लागली. कुणाला घाई असेल त्याला असो; हर्षदाला नव्हती. संध्याकाळी सुटायच्या वेळेलाच अंधार पडायचा, आणि बसच्या आतल्या छताला लावलेले पिवळे दिवे ड्रायव्हर कुरकुरत चालू करायचा. माणसं माना टाकून झोपायची. एके दिवशी हर्षदाला दिसलं, मल्हारच्या मांडीवर मोबाइल नाही. जुनं, पाठ उसवलेलं पुस्तक होतं, आणि वहीत तो गणितं सोडवत होता. बस हादरली की पेन्सिल घसरायची. तो खोडून पुन्हा लिहायचा.

"हे काय?"

वही मिटावी असं त्याला वाटलं असावं. मिटली नाही. "डिप्लोमाचं. दोन विषयांचा फॉर्म भरलाय. पुढल्या वर्षाचं पुढं बघू."

"कधीपासून?"

"दारं घासली त्या आठवड्यापासनं."

"मला सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? पास व्हईन का म्हाईत न्हाई. पेपरला बसणार, एवढं नक्की." मग हसून, "तुमच्या वैद्यिणीसारखी माझीबी फाइल अडकलीय."

पिवळ्या दिव्यात त्याचा चेहरा सकाळच्या उन्हात दिसला होता तसाच दिसत होता. हर्षदा बराच वेळ बघत राहिली. पुढची ट्रॉली चढावर थांबली, बसही थांबली.

"मला एक स्थळ आलंय," ती म्हणाली. "रविवारी उत्तर द्यायचं आहे."

पेन्सिल थांबली. "बरं हाय का?"

"चांगलं आहे. सरकारी नोकरी."

"आन् खोट?"

"नाही म्हणतात."

"मंग अवघड हाय," मल्हार म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

तो खिडकीबाहेर बघत होता. काचेत त्याच्या डोळ्यांची जागा काळोखी दिसत होती. "बोलायला लई हाय, मॅडम. पर बॅच आणून ठेवायची, एवढंच माझं काम. सही तुमची तुम्ही करायची. मी हात धरून करून घेतली, तर ती तुमची राहत न्हाई."

ट्रॉली हलली. न्हावऱ्याला उतरताना हर्षदाचा हात त्याच्या वहीला लागला... आणि एक क्षण तिथेच राहिला.

रविवारी पोपटराव मामा एकटेच आले, सोबत पेढ्यांचा पुडा. "आता होकारच धरतो, तात्याबा," ते ओसरीवर टेकता टेकता म्हणाले. "पोरगी नको म्हणणार असती, तर सहा आठवडे घेतले असते व्हय?"

हर्षदाचे वडील, तात्याबा, कांद्याच्या रोपांची पेंढी बांधत होते. त्यांनी सुतळी दाताने तोडली. "हरशे, काय सांगू त्यांना?"

आई आतून दारात येऊन उभी राहिली.

"नाही म्हणून सांगा," हर्षदा म्हणाली.

मामांचा पुडा उघडता उघडता राहिला. "अगं, पोरात खोट काय हाय?"

"तेच कळलं नाही, मामा. त्यांनाही माहीत नाही. उशीर मी केला, त्यांची माफी मी स्वतः फोन करून मागते. पण नाही."

मामा कुरकुरले, दोन पिढ्यांची नाती मोजून दाखवली, चहा घेतला आणि पुडा पिशवीत घालून गेले. तात्याबा तेवढा वेळ पेंढ्या बांधत राहिले. मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा त्यांनी विचारलं, "दुसरा कोण हाय?"

"आहे."

"आपल्यातला?"

"मेंढरं कोकणात नेणाऱ्यांच्या घरातला. डिप्लोमा अर्धा राहिलाय. आता पुरा करतोय."

"त्यानं इचारलं तुला?"

"नाही. तो विचारणार नाही."

"मंग तू सांगितलंस त्याला?"

"अजून नाही, आबा."

तात्याबांनी पेंढी बाजूला ठेवली. लेकीकडे असे बघत राहिले, जसे मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी अडून बसलेल्या मेंढीकडे ते पूर्वी बघत. "मला काय सांगतीस मग? आधी त्याला सांग जा. मी काय बोलायचं ते त्याला बघून बोलंन."

सोमवारी न्हावऱ्याला धुकं होतं. बस आली. मल्हार नेहमीच्या जागेवर होता, मांडीवर पुस्तक. त्याने वर पाहिलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच "मंग? ठरलं?" असं विचारलं नाही.

हर्षदा त्याच्याशेजारी बसली. पर्स मांडीवर सरळ ठेवली. "मोबाइल द्या."

त्याने दिला. तिने खेळ उघडला. वैद्यीण होती तशीच उभी होती, बाटली उजेडात धरून. तिने यादी वरून खाली आणली. या वेळी परत वर नेली नाही. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

मल्हारने वाकून वाचलं. "ठरवायला उशीर लावणारी."

"ही माझी."

"म्हाईत व्हतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमची तुम्ही निवडायची व्हती."

बटण हिरवं झालं. कोणतं हिरवं, ते हर्षदाने पाहिलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती. गालावर डाव्या बाजूला आजही चार केस राहून गेले होते. पुढच्या सीटवरच्या दोन बायकांचं बोलणं थांबलं होतं, आणि ड्रायव्हरने कशासाठी तरी बसचा वेग कमी केला होता, त्यामुळे तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. तरी तिने आवाज उतरवला नाही.

"काल त्यांना नाही म्हणून सांगितलं. वडील तुम्हाला बघायचं म्हणतात. पण त्याआधी हे मी तुम्हाला सांगायचं होतं, आणि फार दिवस सांगितलं नाही," हर्षदा म्हणाली. "मल्हार, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."