मापाड्याने न मोजलेल्या वाटा

"शालिनी घोगरे, वय शहात्तर. मेंदूचे आकारमान कमी. प्रतिसाद मंद. मार्गदर्शक म्हणून अपात्र."

एवढं बोलून त्या यंत्रमानवाने माझ्या माईच्या डोक्यावरची टोपी काढली आणि चाकांवर गर्रकन वळला. साधं 'येतो' म्हणायचीही रीत नाही!

माई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. आमच्या गावातल्या मुलींना ती इतकी वर्षं खो-खो शिकवतेय की माझ्या मैत्रिणींच्या आयासुद्धा तिच्या हाताखाली खेळल्यात. रविवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि त्याआधी दोन दिवस हा ठोकळा येऊन सांगतो, अपात्र! स्पर्धेच्या मंडळाने यंदा नियमच काढला होता. सत्तरीपुढच्या मार्गदर्शकाचा मेंदू तपासायचा आणि नापास झाला तर त्याला बाकावर बसू द्यायचं नाही. आदल्या दिवशी आमच्या विरुद्ध संघाच्या इनामदार सरांनाही याने असंच घरी बसवलं होतं. हा आला, मोजलं आणि निघाला, म्हणून आम्ही मुलींनी त्याचं नाव ठेवलं मापाड्या.

माईने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"कादंबरे, ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली. "आता मला काय करायचीय?"

माई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प बसली म्हणून माझं डोकं आणखी फिरलं.

"ए मापाड्या, थांब!" मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "तू मोजलंस तरी काय?"

"दोन गोष्टी," तो शांतपणे म्हणाला. "टोपीने मेंदूचे आकारमान आणि फळीवरचा दिवा लागल्यावर बटण दाबायला लागणारा वेळ. हरकत असल्यास सूर्यास्तापर्यंत नोंदवावी."

दिव्यांच्या खेळात माई हळू होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नावंही विसरते. मला सुषमा म्हणते, आणि सुषमा माझी आत्या आहे, दोन मुलांची आई! पण मैदानावर कुणाला खो द्यायचा, कुठला गडी आता दमलाय, हे माईचं कधी चुकत नाही. एकाच डोक्यात या दोन्ही गोष्टी कशा नांदतात? मला हे कोडं काही केल्या सुटेना.

मैदानाकडेच्या सौरछपराखाली आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. जन्मभर त्यांनी मेंदूचाच अभ्यास केला आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. माईला चिडवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"आप्पा, याला सांगा ना, माईच्या मेंदूला काही झालेलं नाही म्हणून!"

"ते कसं सांगू? झालंय की थोडं. वय झालंय."

मला आप्पांचाही राग आला. घरचाच माणूस असं बोलायला लागल्यावर बाहेरच्याला काय म्हणणार?

"रागाव, खुशाल रागाव," आप्पा म्हणाले. "पण आधी समजून घे. नुसता आरडाओरडा केलास तर याला तुझा फक्त आवाज मोजता येईल. निधीला बोलव. बाकीच्या सगळ्या मैदानाबाहेर."

निधी आमच्यातली सगळ्यात वेगवान. आप्पांनी तिला एकटीला पाठलाग करायला लावलं आणि मला पळायला सांगितलं. खो-खोत पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारी मात्र खुशाल इकडून तिकडे जाते. निधी आली की मी पाटी ओलांडायची आणि ती बिचारी खांबाकडे धावायची. शेवटी धापा टाकत ती खालीच बसली.

"आता चौकोनांत आठ जणी बसा, एकीआड एक उलट तोंडाने," आप्पा म्हणाले.

मी पाटी ओलांडली, निधीने तिकडे तोंड असलेलीला खो दिला, तिने पुढचीला दिला आणि मी दोन श्वासांत बाद!

"निधीचा वेग वाढला का?"

"नाही," मी म्हणाले. "या वेळी ती एकटी नव्हती ना."

"मेंदूचंही असंच आहे. आठवणीचं काम एका भागात जास्त चालतं, बघण्याचं दुसऱ्यात, बेत ठरवण्याचं तिसऱ्यात. विचार करायचा तर या भागांनी एकमेकांना खो द्यायला हवा. तो खो जातो चेतातंतूंमधून (मेंदूच्या पेशींपासून निघणारे, निरोप नेणारे बारीक धागे). पुष्कळशा धाग्यांवर मेदाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. त्याने निरोप झटपट पोचतो. वय वाढलं की ते आवरण जागोजागी झिजतं आणि निरोप रेंगाळतो. म्हणून विहीणबाईंचं बोट दिव्यावर उशिरा पडलं."

"मी ऐकतेय हो, व्याहीबुवा!" पलीकडून माईचा आवाज आला.

मग आप्पांनी चौकोनांतल्या दोघींना उठवलं आणि मला परत पळवलं. या वेळी खो शेजारच्या चौकोनातून फिरून आला. मला जरा जास्त पळता आलं, पण बाद झालेच.

"काही वाटा झिजल्या की दुसऱ्या वाटा काम उचलतात," आप्पा म्हणाले. "तरुणपणी एका बाजूने होणारं काम म्हातारपणी कधीकधी मेंदूच्या दोन्ही बाजू मिळून करतात. हे सगळं जाळं म्हणजे मेंदूची जोडणी (भागाभागांमधला संपर्क). ज्यांची जोडणी चांगली टिकते, त्यांची विचारशक्तीही म्हातारपणी बरी टिकते, असं सरासरीने दिसतं. पण चौकोनांतल्या पाच-सहा जणी उठल्या तर डाव मोडणारच. म्हणून तपासणीच नको, असं मी म्हणणार नाही."

आता मला कळलं. या शहाण्याने चौकोनांत किती जणी बसल्यात ते मोजलं, एकटी निधी किती जोरात पळते ते मोजलं आणि खो कसा जातो ते पाहिलंच नाही!

"मापाड्या, तुझ्या टोपीला जोडणी मोजता येते?"

"येते. पण त्याला वेळ लागतो. वेळ वाचवण्यासाठी मंडळाने तो भाग बंद ठेवण्यास सांगितले आहे."

"वेळ वाचवायला?" माझा आवाज चिरकला. "लाज नाही वाटत? माईने पाऊणशे वयापर्यंत उन्हात उभं राहून पोरी घडवल्या आणि तुमच्याकडे तिच्यासाठी थोडा वेळ नाही? घे माझी हरकत! ती टोपी परत घाल, सगळी चालू कर आणि माई काम करत असताना मोज!"

"माझ्या जिवावर उठलीस का गं?" माई पुटपुटली. पण मी शिट्टी पुढे केली, तेव्हा तिने ती घेतली.

सराव सुरू झाला. मापाड्याच्या छातीवरच्या पडद्यावर माईच्या मेंदूचा नकाशा उमटला. पळणारी कोपऱ्यात शिरली तशी माई हात करून ओरडली, "सुषमा, उलटा खो!"

मी त्याच क्षणी पलीकडे तोंड करून बसलेलीला खो दिला आणि गडी बाद झाला.

"चूक," मापाड्या म्हणाला. "या संघात सुषमा नावाची खेळाडू नाही."

"अरे गाढवा, सुषमा म्हणजे मी! ती माझ्याकडेच हात करत होती. नाव चुकलं, खो चुकला का?"

मापाड्याने माईच्या हाताची दिशा पुन्हा तपासली. पडद्यावर मेंदूचे लांबलांबचे भाग एकदम उजळत होते, डावीकडचे आणि उजवीकडचेही. काही वाटा फिकट दिसत होत्या आणि त्यांच्या शेजारच्या चमकत होत्या.

"नाव शोधणारी वाट मंद," तो शेवटी म्हणाला. "डाव ओळखणारी जोडणी सुस्थितीत. खोचे निर्णय अचूक. आधीचा निकाल अपुऱ्या मोजणीवर होता. घोगरेबाई पात्र."

मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं. आप्पा मात्र मान हलवत म्हणाले, "एक लक्षात ठेव बाबा. नुसत्या चित्रावरून माणसाला कधी पास-नापास करू नकोस. आधी त्याचं काम बघ."

"झालं तुमचं?" माई उठली. आता तिचं नाक रागाने लाल झालं होतं. "माझी नात भांडली म्हणून मी पात्र. ज्यांच्या घरी भांडायला कुणी नाही त्यांचं काय? इनामदार सरांची अशी मोजणी केलीस? सगळ्यांची परत कर. तोवर मी त्या बाकावर पाय ठेवायची नाही!"

"माई!" मी किंचाळले. "इनामदार सर आले तर आपण हरू!"

"हरू की! म्हणून काय त्यांना घरी कोंडून जिंकायचं?"

मापाड्याने माईची हरकत मंडळाकडे पाठवली. मंडळाने कुरकुर केली, पण चूक त्यांच्याच यंत्राने कबूल केली होती. पूर्ण मोजणीला परवानगी मिळाली. जाताना मापाड्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "येतो."

त्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, या वाटा झिजू नयेत म्हणून काय करायचं?

"चालावं, नीट झोपावं, रक्तदाब ताब्यात ठेवावा, नवं शिकावं, माणसांत राहावं. याने मदत होते असं दिसतं, पण हमी कुणी देत नाही. तुमच्या वयाच्या कुणीतरी पुढे याचा शोध घ्यायला हवा."

"आणि व्याह्यांशी रोज भांडावं," माई म्हणाली.

रविवारी समोरच्या बाकावर काठी टेकत इनामदार सर येऊन बसले. सामना असा रंगला की विचारू नका. माईने मला दोनदा सुषमा म्हटलं, निधीला भलत्याच कुणाच्या नावाने हाक मारली आणि आमच्यातली एकही गोंधळली नाही. तरी आम्ही एका गुणाने हरलो. मी रडत रडत माईकडे गेले.

"तुझ्यामुळे हरलो! कशाला आणलंस त्यांना?"

माईने पदराने माझं नाक पुसलं आणि समोर इनामदार सरांना हात केला.

"खेळून हरलो ना, कादंबरे?" ती म्हणाली. पहिल्याच फटक्यात माझं खरं नाव! "मग पूस डोळे. परवा मी हरले होते, आणि तेही मला कुणी खेळू न देताच."