निळा उजेड का विझतो?

प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि माझ्या नळीतला निळा उजेड दिसेनासा झाला.

"अहो, दार! दार लावा आधी!"

त्याने लावलं... पण आतून! आता अंधारात मी, जांभळा दिवा आणि एक अनोळखी माणूस.

"सॉरी हं, मी शेजारच्या शाळेत भूगोल शिकवतो. टाकीचं पाणी मुलांना कडवट लागतंय. तुम्ही तपासाल?"

मी माझ्या पॉलिमरचं द्रावण नळीत घेतलं. "हे या दिव्याखाली निळं चमकतं. पाण्यात तांबं विरघळलेलं असलं की विझतं." त्याचं पाणी घातलं. उजेड विझला.

"म्हणजे तांबं?"

"एकदा बघून नाही सांगता येत. उद्या परत आणा."

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही दिवशी आला. आणि माझी मती गुंग झाली. आता शुद्ध पाण्यातही उजेड विझायला लागला! माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "तुझ्या पॉलिमरचा भरवसा नाही. शाळेला काय सांगणार?" दोन वर्षांची मेहनत पाण्यात!

घरी ताईपाशी रडगाणं गायले. "तो मास्तर आला की उजेड जातो गं."

"हो? मग त्याचं नाव काढल्यावर तुझ्या तोंडावर कसला उजेड पडतो?"

मी चिडले. का चिडले, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडून लवकर परतले, तर मास्तर बाह्या सरसावून बेसिनपाशी उभा.

"हे काय चाललंय?"

"नळ्या धुतोय... रोजच धुतो. तुम्ही दमता ना."

"नळाच्या पाण्याने?"

"अगदी घासून!"

मी नळामागच्या पाइपकडे बोट दाखवलं. हिरवट डाग पडलेला, जुना, तांब्याचा. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... तुमचं काम मीच बिघडवलं?"

रागवायचं होतं. हसू आलं. डोळे का भरले, तेही कळेना.

शुद्ध पाण्याने विसळलेल्या नव्या नळ्या घेतल्या. शुद्ध पाणी — लख्ख निळं! शाळेचं पाणी — अंधार. मॅडमनी स्वतः पाहिलं. शाळेने ते पाणी त्याच दिवशी बंद केलं, पुढे तांब्याचे सगळे पाइप बदलले.

ते सांगायला तो आला. सांगून झालं, तरी दारातच घुटमळला.

"आता... काही काम उरलं नाही, नाही का?"

"नाही."

"मग निघतो." तो वळला. "खरं सांगू? तुम्ही समोर असलात की मला काही सुचत नाही. आणि नसलात की... दुसरं काही सुचत नाही."

कान तापले. तो जिना उतरू लागला आणि मी कठड्यावरून ओरडले, "उद्या ये!"

'या' म्हणायचं होतं. तोंडून 'ये' निघालं.

तो जागीच थांबला. हळूच वर बघत म्हणाला, "काय म्हणालीस?"